पोपटीला नेलेला कोयता

आमच्याकडे समुद्रकाठच्या गावांत त्या काळी बाप्या माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडला, तर वाटेत भेटणारा विचारायचा, "बरं न्हाय का?" कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी बांधलेली, आणि आकडीत कोयता अडकवलेला. झावळी आडवी पडली, तोड. कुंपणाची फांदी अंगावर आली, छाट. तहान लागली, शहाळं फोड. लग्नाला जाताना माणूस धुवट धोतर नेसे, टोपी घाली, बायकोच्या आग्रहाने वहाणासुद्धा घाली, पण कोयता काढून ठेवावा हे कोणाच्या मनातही येत नसे.

मग चळवळीची वर्षं आली. मिठागरांकडे आणि जंगलांकडे लोक जमू लागले, सरकारला जिकडेतिकडे कोयते दिसू लागले, आणि जिल्ह्याच्या साहेबाचा हुकूम निघाला. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. अक्षर बरं, म्हणून नकला करायचं काम माझ्याकडे. गावोगावच्या चावड्यांवर लावायला मी त्या हुकमाच्या चाळीसएक नकला केल्या, त्यामुळे तो मला आजही अर्धाअधिक पाठ आहे. मोटर, टांगा, बैलगाडी, होडी किंवा दुसरं कुठलंही वाहन, यांतून सहा इंचांहून लांब पात्याचा चाकू, सुरा वा कोयता कोणी नेता कामा नये. खाली सवलत होती: शेतकरी, पाडेली, कोळी, खाटीक वगैरे लोक आपापल्या धंद्याच्या कामावर निघाले असतील तर त्यांना हुकूम लागू नाही. आणि त्याच्याही खाली, साहेबाला मागाहून आठवल्यागत, आणखी एक कलम होतं. शिकार, सहल, जत्रा, वनभोजन अशा मौजेच्या कारणाने जाणाऱ्यांना ही सवलत मिळणार नाही.

हे शेवटचं कलम उतरवताना मला आधी हसू आलं आणि मग राग आला. कोयता तोच, कमर तीच, रस्ताही तोच. कामाला निघालात तर सरकारची इमानी रयत, मजेला निघालात तर गुन्हेगार. साहेबलोक मोटरीत बंदुका घालून डुकरांच्या मागे जात, ते परवान्यावर. गरिबाने कधी मौज करावी हेच त्या कागदाला पटत नव्हतं. मी शेजारच्या कारकुनाला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? तू नक्कल कर." मी केली.

माझा एक मित्र पाडेली होता, म्हणजे नारळ-सुपारीच्या झाडांवर चढून फळ उतरवणारा. मराठी तिसरीपर्यंत आम्ही शाळेत एका तरटावर बसलो. मग त्याचा बाप झाडावरून पडला आणि हा शाळा सोडून बापाच्या झाडांवर चढला. अकरा वाड्यांची झाडं त्याच्याकडे होती. चाळीस हात उंचीच्या माडावर तो विडी तोंडात धरून चढे आणि वरून मला हाका मारून कचेरीची टिंगल करी. "काय रं, सरकार आज उभं हाय का बसलंय?" मला तो तूच म्हणे. पण आमच्या घरी आला की ओटीच्या कडेला बसे, आत येत नसे, आणि त्याची कपबशी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. तेव्हा तसंच होतं, असं म्हणून मोकळं होता येतं. मी पुष्कळ वर्षं तसा मोकळा होत आलो.

कोयत्याची एक रीत आमच्याकडे सगळे पाळतात, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोयता एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा नाही. दिला तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, हे शेंबडं पोरही जाणतं. देणाऱ्याने तो जवळच्या खोडात नाहीतर लाकडात रोवायचा आणि घेणाऱ्याने उपसून घ्यायचा. माझ्या मित्राच्या हाताला ही सवय इतकी होती की कोणी कोयता मागितला, की बोलणं न थांबवता तो हात उचली आणि रोवून मोकळा होई.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, रताळी, मीठ-ओवा, पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालायचं, त्यावर झावळ्या आणि पेंढा रचून पेटवायचा. अर्ध्या तासाने मडकं उलटलं की जो वास सुटतो, त्यासाठी मी सरकारी नोकरीही सोडली असती. आम्हा काही दोस्तांची पोपटी दरसाल रेवसच्या वाटेवर एका शेतात होई. भाताच्या गिरणीवाल्याची उघडी मोटर होती, त्यातून आम्ही दुपारची झोप काढून जात असू. पाडेली मात्र सकाळीच चालत पुढे जाई, झावळ्या तोडी, जागा साफ करी, मडकं लावी. आम्ही पोचायचो तो विस्तव तयार असे.

आदल्या वर्षी आम्ही सगळे एका ढिगाभोवती बसून शेंगा सोलत होतो आणि तो पलीकडे बांधावर, आमच्याकडे पाठ करून, पानावर दिलेलं खात होता. दरसाल तसाच बसत असणार, मला त्या वर्षी दिसलं. म्हणून या वर्षी मी त्याला आधीच जाऊन सांगितलं, "यंदा तू काम करायचं नाहीस. मोटरीत बसून यायचं आणि आमच्यात बसून खायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "गाडीत? फुडं का मागं?"

"माझ्या शेजारी."

"तुझ्या घरी कळलं म्हंजे?"

"कळू दे," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो. तेवढं बोलायला काय लागतं?

रविवारी दुपारी तीनला तो गिरणीपाशी आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. केसांना खोबरेल, शुभ्र धोतर, अंगात लग्नातला काळा कोट. कोटाची बटणं आता लागत नव्हती, खांदे माडांनी रुंद केले होते. आणि कोटाची मागची शेपटी वर उचलली गेली होती, कारण तिच्याखाली कोयता होता. मी तो पाहिला. चाळीस नकला करणाऱ्या माझ्या डोळ्यांनी तो पाहिला आणि मी काय म्हणालो? "अरे, आज काम नाही म्हटलं ना?"

"मंग काय उघडा येऊ?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो. हुकूम माझ्या डोक्यात आलाच नाही. हुकूम कचेरीत होता, कोयता घरचा होता. दोहोंची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नव्हती. खरं म्हणजे आत घालायचं तर मला घालायला हवं होतं.

मोटर निघाली. गिरणीवाला चालवत होता, मागे आम्ही दोघे (बाकीचे दोस्त टांग्याने मागाहून येणार होते), पायांशी मडकं आणि शेंगांची टोपली. लोक बघत होते. तो कोणाला हात करीत नव्हता, नुसता ताठ बसला होता, आणि मध्येच मला हळूच म्हणाला, "बसायला बरं हाय रे." मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं.

गाव संपलं तिथे नव्याने नाका केला होता. रस्त्यावर बांबू आडवा. जमादार महिन्याभरापूर्वीच घाटावरून बदलून आलेला, सोबत दोन शिपाई. मला पाहून त्याने सलाम केला, कचेरीतला म्हणून. टोपलीत डोकावला, मडक्यात डोकावला, आणि मग त्याची नजर कोटाच्या शेपटीवर गेली.

"ह्यो कोयता कशापायी?"

"कमरंला असतोय," पाडेली म्हणाला.

"उतर खाली. आन इकडं."

जमादाराचा डावा हात बांबूवर टेकलेला होता, उजवा त्याने पुढे केला. पाडेली उतरला, मागे हात घालून कोयता काढला, आणि सरकारी माणसाच्या हातात हत्यार देऊन त्याच्याशी वैर कसं धरायचं, म्हणून जवळचं लाकूड बघून त्याने तो खच्चकन रोवला. जवळचं लाकूड म्हणजे तो बांबू. जमादाराच्या पंज्यापासून वीतभर लांब.

मग हा हात जोडून उभा राहिला, तो उपसून घेईल म्हणून.

जमादार किंचाळून मागे उडाला. शिट्टी झाली, दोन्ही शिपाई येऊन पाडेलीवर पडले. कोट खांद्यातून उसवला. खाली दाबलेला असतानाही तो सांगत होता, "दिला ना सायेब! घ्या की!" त्याला काही कळतच नव्हतं. मी मोटरीतून उतरून रीत समजावू लागलो, पण जमादार ऐकून घेईना. एरवी गरीब माणूस होता तो. त्या क्षणी खरोखर भ्याला होता आणि भ्यालेल्या माणसाला रीत समजावता येत नाही. करायला गेलो काय आणि झालं काय! पोपटी राहिली, मोटर परत फिरली, आणि गिरणीवाला दुसऱ्याच दिवशी कामाचं निमित्त काढून मुंबईला निघून गेला. तिथून तो खटला संपल्यावरच उगवला.

तिसऱ्या दिवशी एका वाडीवाल्याने जामीन राहून पाडेलीला सोडवलं. त्याआधी त्याची बायको आमच्या मागच्या दाराशी आली होती. माझ्या बायकोने पाट दिला, तरी ती उभीच राहिली.

"अकरा वाड्या हायेत, दादा," ती म्हणाली. "सासऱ्यापासनं हायेत. हे आत गेले तर वाडीवाले दुसरा पाडेली लावतील. त्यांचं तरी काय चुकलं? नारळ काय कोनासाठी झाडावर थांबत न्हाय. एकदा वाडी गेली की परत येत न्हाय. तुमी कचेरीतले. काय बी बोला, पन त्यांना सोडवा."

मी शब्द दिला. त्या वेळी मला वाटलं होतं की खरं बोललं की काम होईल.

मी त्याच्यासाठी गाठलेल्या वकिलाने ते वाटणं पाच मिनिटांत काढून टाकलं. "दोन आरोप आहेत," तो म्हणाला. "जमादारावर कोयता उगारला हा पहिला. तो टिकायचा नाही, मामलेदार इथलेच आहेत, त्यांना रीत ठाऊक आहे. दुसरा, हुकूम मोडून वाहनातून कोयता नेला. कोयता होता, वाहन होतं. आता उरलं एवढंच, की तो कामाला निघाला होता की मौजेला?"

"मौजेला," मी म्हणालो.

"मग तीन महिने."

त्याने चष्मा काढून पुसला. "दरसाल पोपटीच्या झावळ्या कोण तोडतो?"

"तोच."

"मग यंदाही तोच तोडणार होता. तुम्ही कामाला नेलेला गडी. धंद्याच्या कामावर निघालेला पाडेली, सवलतीत बसतो. खोटं काय आहे यात?"

खोटं काही नव्हतं, फक्त खरं तेवढं नव्हतं. मी मान डोलावली. मौजेचं ते कलम माझ्याच हाताने चाळीस वेळा लिहिलेलं, त्याच्यातून दुसरी वाट नव्हती हे मला वकिलापेक्षा जास्त माहीत होतं.

"त्यालाही समजावून सांगा," वकील म्हणाला, "तोंड बंद ठेव म्हणावं." वकिलाला वाटलं मी सांगीन, आणि मला वाटलं वकील सांगेल, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. मी त्याच्या घरापर्यंत गेलो होतो. तो अंगणात बसून कोटाचा खांदा स्वतः शिवत होता. मला पाहून म्हणाला, "तुझ्या शेजारी बसलेलो, तवा फाटला न्हाय. त्या शिपायांनी फाडला." मी विडी ओढली, हवापाण्याचं बोललो आणि परत आलो. सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग मला ठरवावं लागलं असतं. ते मला नको होतं.

खटला मामलेदारांपुढे चालला. म्हणजे माझ्याच वरिष्ठांपुढे. रोज मी ज्यांच्यापुढे कागद ठेवायचो तेच. जमादाराने साक्ष दिली, बांबूवरचा घाव हाताने मोजून दाखवला. मामलेदार ऐकून घेऊन म्हणाले, "जमादार, इकडे कोयता हातात देत नाहीत. त्याने तुमचा मान राखला." कोर्टात हशा पिकला. जमादारसुद्धा ओशाळून हसला, आणि पहिला आरोप तिथेच संपल्यात जमा झाला. माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी पाडेलीला विचारलं, "मोटरीतून कुठे निघाला होतास?"

"पोपटीला, सायेब."

"झावळ्या तोडायला?"

मामलेदारांनी वाट मोकळी करून दिली होती, दुसरं काही नाही. वकील खाकरला. पण पाडेलीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. शिवलेल्या कोटात तो ताठ उभा राहिला.

"न्हाय सायेब. यंदा काम नव्हतं. पावना होतो मी." आणि भरल्या कोर्टात त्याने माझ्याकडे बोट केलं. "यानी बोलावलं. गाडीत शेजारी बसवलं. म्हनाला, आमच्यात बसून खायचं."

लोक वळून माझ्याकडे बघू लागले. आमच्या आळीतले दोघे मागे उभे होते. पाडेलीची बायको दाराशी होती, तिने तोंडावर पदर धरला. आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. त्या हसण्याचा मला आजही त्रास होतो.

माझं नाव पुकारलं. शपथ झाली. वकिलाने विचारायचं ते विचारलं आणि मी सांगायचं ते सांगितलं: पाडेली दरसाल पोपटीच्या कामाला असतो, झावळ्या तोडतो, यंदाही त्यासाठीच मोटरीत घेतला होता. मामलेदारांनी टाक खाली ठेवला.

"आरोपी म्हणतो मी पाहुणा होतो. तुम्ही म्हणता गडी. खरं काय?"

एवढ्यावर 'गडी होता' म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आळीतले ते दोघे मागे होते. त्याच्या बायकोला दिलेला शब्द होता, हे खरं, आणि त्याला सोडवायचं होतं हेही खरं; पण पुढचं वाक्य जे बाहेर पडलं ते त्या दोघांसाठी पडलं, हे मी आता म्हातारपणी तरी कबूल केलं पाहिजे.

"साहेब, तो मोठेपणा सांगतो," मी म्हणालो. "आमच्यात कसा बसेल तो?"

पुन्हा हशा झाला, मघापेक्षा मोठा. मी पाडेलीकडे पाहिलं नाही. मामलेदारांनी कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं: आरोपी धंद्याच्या कामावर जात होता, सबब निर्दोष. पट्टेवाल्याने पुराव्याचा कोयता उचलला आणि तो त्याच्या हातात द्यायला निघाला, तेव्हा मामलेदार म्हणाले, "अरे, टेबलावर ठेव. त्याला उचलून घेऊ दे." सगळे खुशीत होते. वकिलाने माझी पाठ थोपटली.

मी बाहेर आलो तेव्हा तो कचेरीच्या पायऱ्यांखाली उभा होता. कोयता कमरेला लावला होता, कोट काढून हातावर घेतला होता. बायको बाजूला डोळे पुसत होती. मी म्हणालो, "सुटलास बाबा. आता वाड्यांची काळजी नाही." तो कोटाची घडी सारखी करत राहिला. मला रागच आला. याच्यासाठी मी कोर्टाची पायरी चढलो, शपथेवर बोललो, आणि याच्या तोंडातून एक शब्द नाही. मी तसं बोललोही. "त्या कलमातून दुसरी वाटच नव्हती. तुझ्यासाठी केलं मी हे."

"व्हय," तो म्हणाला. मग विचारलं, "पावना म्हनाला असतास, तर किती दिवस पडले असते?"

"तीन महिने."

त्याने खाली बघत मनाशी हिशोब केला.

"म्हंजे पावसाच्या आत सुटलो असतो," तो म्हणाला. "बसलो असतो की रे."

एवढं बोलून तो चालू लागला. बायको त्याच्यामागे जायला निघाली, थांबली, परत आली आणि तिने वाकून मला नमस्कार केला. "तुमचे लई उपकार झाले, दादा," ती म्हणाली. तिला नको म्हणायला हवं होतं. मी तो नमस्कार घेतला.